चौदा संघ, तेरा सामने

आमच्या पट्ट्यात ‘वाढ’ या शब्दाचं कुणाला फारसं कौतुक नाही. उल्हासनगर वसलं ते फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या लाखभर निर्वासितांसाठी, कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांच्या जागेवर. कॅम्प एक ते कॅम्प पाच हे पत्ते आजही तेच आहेत, पण २०११च्या जनगणनेत तिथे पाच लाखांच्या वर माणसं होती. अंबरनाथ तेव्हा अडीच लाखांचं. बदलापूर २००१ मध्ये लाखाच्या आत होतं, दहा वर्षांत पावणेदोन लाखांच्या घरात गेलं, आणि त्यानंतर जे टॉवर उभे राहिले त्यांतली माणसं अजून मोजायचीच आहेत. इथे इमारत आधी येते, मग नळ, मग रस्ता, आणि लोकलची जादा फेरी सगळ्यात शेवटी. त्यामुळे कुणी ‘विस्तार’ म्हटलं की इथला माणूस टाळ्या वाजवत नाही. तो विचारतो, पाणी किती वाजता येतं?

इंडियन सुपर लीगच्या, म्हणजे आयएसएलच्या वाढीकडे मी गेली दहा-अकरा वर्षं याच नजरेने बघत आलोय. बदलापूरला राहून मुंबई सिटी एफसीचा चाहता असणं हे तसं गैरसोयीचं काम आहे. पण त्या गैरसोयीचा एक फायदा होतो. लीगने कागदावर काय वाढवलं आणि त्यातलं आपल्यापर्यंत किती पोचलं, यातला फरक टोकाला राहणाऱ्या माणसाला लवकर कळतो.

आधी हिशेब मांडतो. २०१४ मध्ये लीग सुरू झाली तेव्हा आठ संघ होते. प्रत्येकाचे १४ साखळी सामने, पहिले चार उपांत्य फेरीत, तिथे दोन-दोन सामन्यांच्या लढती आणि मग फायनल. एकूण ६१ सामने. १२ ऑक्टोबरला सुरू, २० डिसेंबरला समाप्त. दिवाळीच्या आधी मांडव पडला आणि नाताळच्या आधी उठला. निकोला आनेल्का मुंबईच्या जर्सीत नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर खेळत होता आणि आम्ही ठाण्याला गाडी बदलून ते बघायला जात होतो. मजा होती, पण ती जत्रेची मजा होती. देशाची अधिकृत पहिली लीग तेव्हा आय-लीग होती आणि ती वेगळी चालायची.

२०१७-१८ मध्ये बंगळुरू आणि जमशेदपूर आले. दहा संघ, प्रत्येकी १८ सामने, एकूण ९५. मोसम नोव्हेंबर ते मार्च असा लांबला. २०२०-२१ मध्ये ईस्ट बंगाल आल्यावर ११ संघ झाले आणि ११५ सामने, पण ते सगळे गोव्यात, रिकाम्या स्टेडियममध्ये. २०२२-२३ मध्ये संघ वाढले नाहीत, प्लेऑफ वाढले. चाराच्या जागी सहा संघ. २०२३-२४ मध्ये पंजाब एफसी आला, संघ १२. २०२४-२५ मध्ये कोलकात्याचा मोहम्मेडन स्पोर्टिंग, संघ १३. त्या मोसमात प्रत्येकाचे २४ साखळी सामने झाले, प्लेऑफ धरून एकूण १६३. सप्टेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत, पूर्ण सात महिने.

दहा आठवड्यांपासून सात महिन्यांपर्यंत. दहा वर्षांत हे झालं, आणि यातलं बरंचसं चांगलं झालं असं माझं प्रामाणिक मत आहे. तक्रारीकडे येण्याआधी ते नीट सांगायला हवं.

*

मोसम लांबला याचा अर्थ प्रेक्षकासाठी काय? २०१४ मध्ये घरच्या मैदानावर सात सामने मिळायचे, २०२४-२५ मध्ये बारा. बारा संध्याकाळी म्हणजे सवय लागण्याइतक्या संध्याकाळी. २०१६ पासून मुंबई सिटी अंधेरीच्या क्रीडा संकुलातल्या फुटबॉल अरीनात खेळू लागली. स्टेडियम लहान, काही हजारांचं, पण मैदान एवढं जवळ की गोलकीपरने बचावपटूला दिलेली शिवी ऐकू येते. बदलापूरहून तिथे जायचं तर लोकलने घाटकोपर, तिथून मेट्रोने आझाद नगर, मग थोडं चालणं. बदलापूर स्टेशन सीएसएमटीपासून ६८ किलोमीटरवर आहे. जाताना ते अंतर जाणवत नाही. येताना जाणवतं.

आठवड्याचा कुठला वार आणि किती वाजता किकऑफ, हे आमच्यासाठी वेळापत्रकातलं किरकोळ कलम नसतं. २०२२-२३ पासून सामने मुख्यतः गुरुवार ते रविवार ठेवायचं ठरलं, तेव्हा आमच्या चार-पाच जणांच्या टोळक्याने खरोखर पार्टी केली होती. मंगळवारी रात्री अंधेरीहून परतून बुधवारी सकाळची ६.४०ची गाडी पकडणं म्हणजे काय, हे ज्याने केलंय त्यालाच कळेल. पुढच्याच मोसमात संध्याकाळचे सामने आठ वाजता सुरू होऊ लागले. टीव्हीवर बघणाऱ्याला त्या अर्ध्या तासाने काहीच फरक पडत नाही. आम्हाला पडतो. रात्री दहानंतर बदलापूर आणि कर्जत गाड्यांमधलं अंतर वाढत जातं. घाटकोपरच्या फलाटावर उभं राहून ठाणे, कल्याण, अंबरनाथ अशा गाड्या डोळ्यांदेखत सोडाव्या लागतात. अंबरनाथवाला मित्र हात हलवून चढून जातो आणि आपण पुढची पाटी वाचत बसतो. साडेसातचा सामना असला तर सव्वाअकराला घर, आठचा असला तर बारा वाजून जातात. मुंबई सिटी ८५व्या मिनिटाला एका गोलने पिछाडीवर असेल तर थांबायचं की निघायचं, हा निर्णय आम्ही गुणतक्त्याइतकाच गाडीच्या वेळापत्रकावर घेतो.

म्हणजे लांब मोसम हवा, पण तो माणसाच्या दिवसात बसणारा हवा. सामने वाढवणं सोपं, ते योग्य वारी आणि योग्य वेळी बसवणं अवघड. रेल्वेचंही हेच आहे. नुसत्या फेऱ्या वाढवून भागत नाही. कल्याण ते बदलापूर तिसरी-चौथी मार्गिका हवी, फलाट हवेत, सिग्नल हवेत. नाहीतर जादा गाडी पुढच्या गाडीच्या मागे उभी राहते, एवढंच.

*

प्लेऑफच्या वाढीवर मात्र आमच्या टोळक्यात आजही एकमत नाही.

जुनी पद्धत साधी होती. पहिले चार उपांत्य फेरीत. २०२२-२३ पासून २०२४-२५ पर्यंत पहिले दोन थेट उपांत्य फेरीत जात. तिसरा विरुद्ध सहावा आणि चौथा विरुद्ध पाचवा असे दोन बाद सामने होत, एकच लढत, वरच्या क्रमांकाच्या संघाच्या मैदानावर. त्यातले विजेते पुढे. अकरा संघांच्या लीगमध्ये सहा जण प्लेऑफला म्हणजे निम्म्याहून जास्त. ‘मग नापास कोण होणार?’ असं आमच्यातला एक जण तेव्हा म्हणाला होता.

त्याचा मुद्दा चुकीचा नाही. साखळीत पहिलं येणं आणि विजेता ठरणं या दोन गोष्टी आपल्याकडे २०२४-२५ पर्यंत वेगळ्या होत्या, आणि मुंबईकरांना त्याचा चटका पुरेसा बसलाय. २०१६ मध्ये मुंबई साखळीत अव्वल होती आणि उपांत्य फेरीत कोलकात्याकडून हरली. २०२२-२३ मध्ये तर २० सामन्यांत ४६ गुण मिळवले, लीग शील्ड जिंकली, आणि उपांत्य फेरीत बंगळुरूशी दोन सामन्यांत २-२ अशी बरोबरी होऊन पेनल्टीवर ९-८ने बाहेर. वर्षभर वर्गात पहिला आलेला मुलगा शेवटच्या तोंडी परीक्षेत अडखळला आणि बक्षीस दुसऱ्याला गेलं, अशातला प्रकार. बंगळुरू त्या मोसमात साखळीत चौथं होतं. ते उपांत्य फेरीत आलं तेच केरळा ब्लास्टर्सविरुद्धच्या त्या प्रसिद्ध बाद सामन्यातून, ज्यात जादा वेळेत सुनील छेत्रीने पटकन फ्री किक घेतली आणि ब्लास्टर्सचा संघ मैदान सोडून निघून गेला.

पण उलट बाजूही मुंबईनेच दाखवली. २०२४ च्या १५ एप्रिलला सॉल्ट लेकवर मोहन बागानने मुंबईला २-१ हरवून शील्ड नेली. तीन आठवड्यांच्या आत, ४ मे रोजी, त्याच मैदानावर मुंबईने त्याच संघाला फायनलमध्ये ३-१ हरवलं आणि चषक आणला. तेव्हा प्लेऑफ अन्यायकारक आहेत असं आमच्यापैकी कुणीही म्हटलं नाही.

आणि २०२४-२५. मुंबई सहावी आली. जुन्या पद्धतीत चौथ्या स्थानाची आशा संपताच तो मोसम संपला असता आणि उरलेल्या सामन्यांना स्टेडियममध्ये कावळे फिरले असते. नव्या पद्धतीत शेवटच्या साखळी सामन्यापर्यंत धडधड होती. बंगळुरूत जाऊन मुंबई २-० जिंकली आणि सहावं स्थान पक्कं झालं. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आतच त्याच मैदानावर त्याच बंगळुरूने बाद सामन्यात मुंबईला ५-० ने धुतलं. सहाव्या क्रमांकाच्या संघाची लायकी किती, हे त्या रात्री समजलं म्हणा हवं तर. मी म्हणेन, मार्च महिन्यात आमच्याकडे बोलायला काहीतरी होतं. लीगच्या तक्त्यात मधल्या संघांच्या चाहत्यांना मोसमाच्या शेवटी जागं ठेवणं, हेच प्लेऑफ वाढवण्याचं खरं कारण असतं. अमेरिकेच्या मेजर लीग सॉकरमध्ये ३० संघांतले १८ प्लेऑफ टप्प्यात जातात, ते काय तिथल्या लोकांना गणित येत नाही म्हणून नव्हे.

तर वाढीला माझा विरोध नाही. सहा संघांच्या प्लेऑफलाही नाही.

*

प्रश्न येतो तो संघांच्या संख्येपाशी, कारण संख्या सगळ्यात चटकन डोळ्यांत भरते आणि सगळ्यात कमी सांगते.

२००९-१० च्या आय-लीगमध्ये संघ किती होते? चौदा. त्यात महाराष्ट्राचे चार: महिंद्रा युनायटेड, एअर इंडिया, मुंबई एफसी आणि पुणे एफसी. प्रत्येक संघ २६ सामने खेळला, एकूण १८२. विजेता गोव्याचा डेम्पो, आणि पुणे तिसरं. हे फार जुनं नाही, तेव्हा आपल्या हातात मोबाइल होते.

त्याच मोसमानंतर महिंद्राने संघ बंद केला. २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकलेला संघ. एअर इंडिया २०१३ मध्ये लीगबाहेर गेली. पुणे एफसी २०१५ मध्ये संपलं. मुंबई एफसी २०१७ मध्ये तळाला जाऊन खाली उतरली आणि मग बंदच झाली. आयएसएलमधला एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये गेला आणि त्याची जागा हैदराबादने घेतली. आज वरच्या लीगमध्ये महाराष्ट्राचा एकच संघ आहे. कोल्हापुरात तालमींचे संघ शाहू स्टेडियम भरवतात, पेठेपेठेत त्यावरून वाद होतात, आणि राष्ट्रीय लीगच्या नकाशावर कोल्हापूर नाही. तिथला अनिकेत जाधव २०१७ चा १७ वर्षांखालील विश्वचषक भारताकडून खेळला. पुढे आयएसएलही खेळला, पण जमशेदपूर, हैदराबाद अशा परगावच्या जर्सीत.

माझे वडील अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत होते. त्यांच्या पिढीत चांगला खेळणारा पोरगा म्हणजे नोकरी, असं सरळ समीकरण होतं. रेल्वे, बँका, एअर इंडिया, कारखाने. कारखान्यांच्या वसाहतींत मैदानं होती, संध्याकाळी त्यांवर माणसं होती. पगार महिन्याच्या महिन्याला व्हायचा आणि खेळ त्याच्या जोडीला चालायचा. ती व्यवस्था परत येणार नाही आणि तिचं गोडवं गात बसण्यात अर्थ नाही, त्यात खेळ हौशीच राहिला होता. पण तिच्यात एक गोष्ट होती जी नंतर गेली. पुढच्या वर्षी संघ असेल का, हा प्रश्न पोराला पडत नव्हता.

आयएसएलच्या वाढीत मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट संख्या नव्हती, दरवाजा होता. सुरुवातीचे आठ संघ म्हणजे फ्रँचायझी. बंगळुरू, जमशेदपूर, ईस्ट बंगाल हे खालच्या लीगमधून जिंकून वर आले नाहीत. जागा विकत घेता येत होती, कमावता येत नव्हती. २०२३ मध्ये पंजाबचा संघ आय-लीग जिंकून आत आला आणि पहिल्यांदाच दरवाजा खालून उघडला. मग मोहम्मेडन. मग वाराणसीचा इंटर काशी, ज्याला आय-लीगचं विजेतेपद मिळवायला मैदानानंतर स्वित्झर्लंडच्या क्रीडा लवादापर्यंत जावं लागलं. खाली उतरण्याची वाट मात्र २०२४-२५ पर्यंत उघडली नव्हती. आशियाई महासंघाबरोबर २०१९ मध्ये ठरलेल्या आराखड्यात ती होती, प्रत्यक्षात नाही. म्हणजे जिना चढायला केला आणि उतरायचा राहिला. तरीही चढायला आहे हेच मोठं होतं. माझ्या भाच्यासारख्या पोरांना तेवढंच पुरेसं असतं.

*

भाचा अंबरनाथ पूर्वेला राहतो. गोलकीपर आहे. ताडमाड वाढलाय, हात लांब, आणि आवाज असा की टर्फच्या जाळीबाहेरचे रिक्षावाले वळून बघतात. आमच्या तिन्ही शहरांत टर्फ भरपूर झालीत, तासावर पैसे भरायचे आणि पाच-पाच किंवा सात-सात जणांत खेळायचं. पण पूर्ण मापाचं मैदान आणि त्यावर सहा-आठ महिने चालणारी त्याच्या वयाच्या पोरांची लीग मी इथे पाहिलेली नाही. लहान गोलपोस्टमध्ये वाढलेल्या कीपरला मोठ्या गोलपोस्टची रुंदी कळायलाच वर्ष लागतं. म्हणून तो मुंबईच्या खालच्या गटातल्या एका संघाकडून खेळतो. सामने कधी बांद्र्याच्या नेव्हिल डिसूझा मैदानावर, कधी आणखी कुठे. ज्याचं नाव त्या मैदानाला आहे त्याने १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक केली होती, हे मी त्याला दर वेळी सांगतो आणि तो दर वेळी ‘हो मामा, सांगितलंस’ म्हणतो.

२०२५ च्या मे महिन्यात तो बारावी झाला. एका व्यावसायिक क्लबने त्याला ऑगस्टमध्ये राखीव संघाच्या चाचणीसाठी बोलावलं होतं. निवड झाली तर वर्षभर दुसऱ्या शहरात राहायचं. माझी बहीण तशी धीराची आहे, पण तिला तारखा लागतात. कॉलेजचा फॉर्म भरायचा की वर्ष थांबायचं?

नेमक्या त्याच जुलैत लीग थांबली. कारण फुटबॉलचं नव्हतं, कागदाचं होतं. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने डिसेंबर २०१० मध्ये व्यापारी हक्क १५ वर्षांसाठी, ७०० कोटी रुपयांना रिलायन्सच्या कंपनीला दिले होते. त्या कराराची मुदत ८ डिसेंबर २०२५ ला संपत होती, म्हणजे मोसमाच्या ऐन मध्यात. महासंघाच्या घटनेचा खटला सर्वोच्च न्यायालयात असल्यामुळे नवा करार करता येत नव्हता. करार नाही तर मोसमाचं नियोजन नाही, असं म्हणून ११ जुलैला लीग चालवणाऱ्या कंपनीने मोसम स्थगित ठेवल्याचं क्लबांना कळवलं. ऑगस्टमध्ये बंगळुरू एफसीसारख्या क्लबने पहिल्या संघाचे आणि कर्मचाऱ्यांचे पगार थांबवल्याचं जाहीर केलं. सप्टेंबरमध्ये न्यायालयाने घटना मंजूर केली, महासंघाने निविदा काढली, आणि नोव्हेंबरमध्ये मुदत संपली तेव्हा एकही बोली आलेली नव्हती. डिसेंबरात मुंबई सिटीतून सिटी फुटबॉल ग्रुप बाहेर पडला. जानेवारीत छेत्री, गुरप्रीत, झिंगन यांच्यासारख्या खेळाडूंनी फिफाला हात जोडणारा व्हिडिओ काढला.

भाच्याला चाचणीबद्दल पुन्हा फोन आला नाही. त्या क्लबला मी दोष देत नाही. पहिल्या संघाला पगार द्यायला नसताना राखीव गोलकीपर कोण बघणार? पण बहीण दर दोन दिवसांनी विचारायची, ‘दादा, लीग होणार की नाही ते एकदा नक्की सांग, म्हणजे मी फॉर्मचं बघते.’ ज्या प्रश्नाचं उत्तर क्लबांकडे नव्हतं, महासंघाकडे नव्हतं, ते मी काय सांगणार? ‘तू फॉर्म भर,’ एवढंच म्हणालो. तिने उल्हासनगरच्या एका कॉलेजात प्रवेश घेतला.

शेवटी ६ जानेवारीला केंद्रीय क्रीडामंत्र्यांनी जाहीर केलं की लीग १४ फेब्रुवारी २०२६ पासून होईल. संघ चौदा. कुणीही गळलं नाही याचा आनंद सगळ्यांनी व्यक्त केला, मलाही झाला. मग सामन्यांचा आकडा आला: ९१. प्रत्येक संघ दुसऱ्याशी एकदाच खेळणार. म्हणजे प्रत्येकाचे १३ सामने, २०१४ च्या पहिल्या जत्रेपेक्षाही एक कमी. घरी येऊन आणि जाऊन खेळले असते तर चौदा संघांचे १८२ झाले असते. बरोबर तेवढेच, जेवढे २००९-१० च्या त्या आय-लीगमध्ये झाले होते.

*

चौदा संघ आणि तेरा सामने. इतिहासातली सगळ्यात मोठी आयएसएल आणि सगळ्यात छोटीही.

हे आकडे प्रेक्षक म्हणून मला खटकले, पण भाच्याच्या दृष्टीने त्यांचा अर्थ वेगळा आहे, आणि तो त्यानेच मला समजावला. चोवीस सामन्यांचा मोसम असला की पहिला गोलकीपर कधीतरी जखमी होतो, कधी निलंबित होतो, कधी कोचला वाटतं जरा विश्रांती देऊ. दुसऱ्याला तीन-चार सामने मिळतात आणि तिसरा बाकावर येतो. त्याची जागा भरायला राखीव संघातला वर सरकतो, आणि खाली एक जागा रिकामी होते. तेरा सामन्यांत कुठला कोच प्रयोग करील? दोन सामने गमावले की मोसम गेला. म्हणजे वर सामने कमी झाले की खालची रांग पुढे सरकतच नाही. ‘मामा, कीपरची लाइन आधीच स्लो असते,’ तो म्हणाला. ‘ट्वेंटीफोरमध्ये निदान हलते.’

आशियाई महासंघसुद्धा वर्षाला किमान २४ सामन्यांचा आग्रह धरतो, तो काही हौसेखातर नाही. खेळाडू सामन्यांत घडतो, संघांच्या यादीत नाही. यंदा त्या अटीतून सवलत मागायची वेळ आपल्यावर आली.

वाढ अशीच व्हावी असं कुठे लिहिलेलं नाही. इंग्लंडच्या प्रीमियर लीगने १९९५ मध्ये संघ २२ वरून २० वर आणले आणि तेव्हापासून ३८ सामन्यांचं वेळापत्रक हललेलं नाही. तिथे लीग छोटी केली म्हणून फुटबॉल छोटं झालं नाही, कारण खाली पुढचे गट भक्कम आहेत आणि दर वर्षी तीन संघ खाली जातात, तीन वर येतात. अमेरिकेत उलट. १९९६ मध्ये दहा संघांवर सुरुवात, २०२५ मध्ये तीस. तिथे नव्या संघाला प्रवेशासाठी ५० कोटी डॉलर मोजावे लागले, आणि मोजणारा सापडला, कारण लीग पुढची वीस वर्षं असेल याची त्याला खात्री होती. एक लीग आकसली, एक फुगली, पण दोन्हीकडे पुढच्या मोसमाची तारीख आधीच्या मोसमात माहीत असते. आपल्याकडे संघ वाढत गेले, सामने वाढत गेले, प्लेऑफ वाढले, आणि हे सगळं ज्या कराराच्या खुंटीवर टांगलं होतं तिची मुदत भिंतीवर लिहिलेली होती. पंधरा वर्षं सगळ्यांना ती वाचता येत होती.

आता पुन्हा चर्चा सुरू होतील. सोळा संघ करा, वीस करा, प्लेऑफ आठांचे करा. करा की. पण त्या घोषणेबरोबर तीन गोष्टी सांगा. पुढचा मोसम कोणत्या तारखेला सुरू होणार आणि तो पुढची पाच वर्षं कुणाच्या पैशावर चालणार. तळाला आलेला संघ खाली जाणार का. आणि या विस्तारात ठाणे जिल्ह्याच्या टोकाला, कोल्हापूरला, नाशिकला अठरा वर्षांच्या पोराला पूर्ण मापाच्या मैदानावर वर्षाला किती सामने मिळणार. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर वीस आलं, तर वर दहा संघ असले तरी मला चालतील.

भाचा आता पहिल्या वर्षाला आहे, कॉमर्सला. सकाळी विठ्ठलवाडीला उतरून कॉलेज, संध्याकाळी टर्फ, रविवारी सामना असलाच तर बांद्रा. मागच्या आठवड्यात त्याने नवे ग्लोव्ह्ज घेतले, क्लासच्या फीमधून वाचवून, आणि आईला किंमत निम्मी सांगितली. मला खरी सांगितली. चाचणीचं कुणी काही बोललं का, असं मी विचारलं, तर म्हणाला, ‘तारीख सांगू दे आधी कुणीतरी. मी तयार आहे.’